शेपटी दाखवणारा हात : मालवण किनाऱ्यावरचं एक प्रकरण

हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या एका किनारी वाडीतलं आहे. तरुण चोवीस वर्षांचा, जन्मापासून ऐकू न येणारा. शाळा चौथीपर्यंतच झालेली. स्वतःचं नाव लिहिता येतं, आकडे मात्र पक्के. घरात आई आणि थोरला भाऊ. भाऊ ट्रॉलरवर कामाला असल्यामुळे बरेच दिवस घरी नसतो. वाडीत ह्या तरुणाला सगळे ‘धाकलो’ म्हणतात, म्हणून इथेही मी तेच नाव वापरते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची आणि घरच्यांची संमती आहे. त्याची संमती कशी घेतली, ते पुढे येईलच, कारण तीच ह्या प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट होती.

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. घटना घडली त्याच आठवड्यात त्याची आई एका ओळखीच्या आशाताईंबरोबर माझ्याकडे आली. आईची तक्रार वेगळीच होती. रुग्णालयाने तिच्या मुलाला ‘मंद’ ठरवलं, असं तिला वाटत होतं. केसपेपरवर तसं काही लिहिलेलं नव्हतं, पण नर्स आपसात बोलल्या ते तिने ऐकलं होतं. जो मुलगा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या मासेमारीत, दिवसभर चाळीस माणसांशी बोलतो, तो रुग्णालयात पाच तास काहीच सांगू शकला नाही. असं का झालं, एवढाच माझा प्रश्न होता.

त्या दिवशी काय घडलं

सकाळी रापण ओढून झाली होती. मासळीचे वाटे पाडणं चालू होतं आणि धाकलो दोघांबरोबर जाळं झाडत होता. बांगड्यांबरोबर जाळ्यात समुद्री साप येणं ह्या किनाऱ्यावर नवीन नाही. रापणकर त्यांना शेपटीला धरून परत पाण्यात टाकतात. त्या दिवशी एक साप जाळ्याच्या घडीत राहिला आणि त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला चावला. वेळ सातच्या आसपासची. बोट फारसं दुखलं नाही. रक्ताचे दोन बारीक ठिपके आले, ते त्याने समुद्राच्या पाण्यात धुतले आणि काम पुढे चालू ठेवलं. शेजारच्या गड्याने साप पाहिला होता, पण चावल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही.

समुद्री सापाच्या दंशात फसवणारं असतं ते हेच. सुरुवातीला वेदना जवळजवळ नसते, सूजही येत नाही. अर्ध्या तासापासून तीन-साडेतीन तासांपर्यंत कधीतरी अंगातले स्नायू दुखायला आणि आखडायला लागतात. मान, जबडा, मांड्या, पाठ. विषाने स्नायू फुटायला लागले की त्यातला लाल रंगद्रव्याचा अंश लघवीत उतरतो, लघवी काळपट तपकिरी होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांच्या विषावर चालते. समुद्री साप त्यात येत नाहीत. म्हणजे इथे उपचार म्हणजे सलाइन, लघवीवर आणि श्वासावर नजर, रक्तातलं पोटॅशियम तपासणं. हे जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं.

नऊच्या सुमारास तो घरी आला तेव्हा नीट चालत नव्हता. त्याने आईला दंश दाखवला, खूण केली. आई ओरडली, “पोराक किरडू चावला!” शेजाऱ्याच्या रिक्षातून त्याला तालुक्याच्या बाजूच्या एका रुग्णालयात नेलं. साडेदहाला तो खाटेवर होता. साडेतीनला रापणीवरचे एक काका त्याला बघायला आले आणि त्यांनी दोन मिनिटांत सगळं सांगितलं. मधले पाच तास हा ह्या लेखाचा विषय.

डॉक्टरांच्या बाजूने एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्यांनी काम कसोशीने केलं. सिंधुदुर्गात ‘साप चावला’ म्हटलं की पहिलं नाव फुरशाचं येतं, आणि फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. म्हणून त्यांनी वीस मिनिटांची चाचणी केली. थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी कलती करून बघायचं. रक्त गोठलेलं होतं. काही वेळाने पुन्हा केली, पुन्हा गोठलेलं. सूज नाही, रक्तस्राव नाही. गरज दिसत नाही म्हणून त्यांनी लस दिली नाही, आणि तो निर्णय बरोबर होता, कारण त्या लसीची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. दुपारी त्यांचं मत झालं की साप चावला खरा, पण विष सोडलं नसावं. संध्याकाळपर्यंत ठेवू, मग घरी. तपासणी चुकली नव्हती. त्यांच्यापर्यंत हकिगतच पोचली नव्हती.

रापणीवर तो कसा बोलतो

रुग्णालयातलं समजायला आधी किनारा समजावा लागतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोराचं एक टोक काठावरच्या माणसांच्या हातात ठेवून होडी जाळं सोडत अर्धगोल मारते आणि दुसरं टोक लांब अंतरावर काठाला आणून देते. मग दोन्हीकडची माणसं ओढत ओढत एकमेकांच्या जवळ सरकतात. दोन टोळ्यांमध्ये सुरुवातीला इतकं अंतर असतं, आणि लाटांचा आवाज इतका, की तिथे ऐकू येणाऱ्यालाही कानाचा उपयोग नसतो. सगळा कारभार हातावर. दोन्ही हात वर म्हणजे थांबा. एक हात खाली दाबत नेला म्हणजे जाळ्याची खालची कड उचलली जातेय, मासा खालून सुटेल. डोक्यावर फडका फिरवला म्हणजे ह्या बाजूने जोर करा.

म्हणून धाकलो रापणीवर कमी पडत नाही. उलट त्याचं लक्ष कधी ढळत नाही, आणि पाण्याचा रंग बदलून बांगड्याचा थवा वर आला की तो बहुतेकांच्या आधी हात करतो. काकांच्या शब्दांत, “तेचो डोळो आमच्यापेक्षा बरो.” वाट्याच्या वेळचा हिशोब बोटांवर होतो, आणि त्यात त्याला कोणी फसवू शकत नाही.

ह्या खुणांखेरीज त्याच्या स्वतःच्या खुणा आहेत, घरात आणि वाडीत वाढलेल्या. प्रत्येक माणसाला एक खूण. आई म्हणजे नाकातल्या चमकीला बोट. काका म्हणजे कपाळावरची जुनी जखम. भाऊ म्हणजे स्टिअरिंग फिरवणं, कारण ट्रॉलरवर जाण्याआधी तो टेम्पो चालवायचा. भावाने टेम्पो सोडून किती वर्षं झाली, तरी खूण तीच राहिली, कारण ती आता नाव झाली आहे. ह्या खुणांना क्रमही आहे. आधी जागा, मग वस्तू, मग तिचं काय झालं ते. मी त्याला जाळ्याच्या, माशांच्या, भांडणाच्या वेगवेगळ्या हकिगती सांगायला लावल्या. क्रम क्वचितच मोडला. अमेरिकेतल्या संशोधक सुझन गोल्डिन-मेडो यांनी अशा मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे, ज्यांना ना बोली ऐकू येते ना कुठली सांकेतिक भाषा बघायला मिळते. त्यांना आढळलं की ही मुलं स्वतःच खुणांची रचना उभी करतात, आणि ती रचना आईच्या हातवाऱ्यांपेक्षा जास्त नेमकी असते. धाकल्याच्या बाबतीत मला हेच दिसलं. त्याच्या खुणा आईच्या खुणांपेक्षा चांगल्या आहेत, आणि त्या दिवशी आईच त्याची दुभाषी होती.

खाटेवर काय काय निसटलं

सगळ्यात आधी शेपटी. साप सांगताना तो उजवा हात कोपरापासून वळवत पुढे नेतो. हे कोणालाही कळतं. पण समुद्री साप सांगताना तो त्यात एक भर घालतो. डावा तळवा उभा धरून उजव्या कोपराशी आणतो आणि मनगटातून डावी-उजवीकडे हलवतो, वल्हं मारल्यासारखा. समुद्री सापाची शेपटी उभी चपटी असते, तिच्या जोरावर तो पोहतो. जमिनीवरच्या सापांत अशी शेपटी सापडणार नाही. म्हणजे त्याने जातीतला नेमका फरक दाखवला होता, जीवशास्त्राच्या पुस्तकात जो पहिल्या ओळीत असतो तोच. नर्सने वळवळणारा उजवा हात पाहिला आणि लिहिलं, ‘सर्पदंश’. डाव्या हाताकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण अर्थ आधीच सापडला होता. मी हे प्रकरण लिहायला घेतलं ते मुख्यतः ह्या डाव्या हातासाठी.

मग दिशा. त्याच्या वाडीत समुद्र सांगायला खूण लागत नाही. समुद्र पश्चिमेला आहे, तिकडे हात केला की झालं. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला पश्चिम विचारावी लागत नाही, बंद खोलीतसुद्धा. बालीतल्या बेंगकाला गावात पिढ्यान्‌पिढ्या अनेक कर्णबधिर माणसं जन्मली आणि ऐकू येणारं गावही खुणांनी बोलायला शिकलं. तिथल्या काता कोलोक नावाच्या सांकेतिक भाषेतही जागा अशीच खऱ्या दिशेला बोट करून सांगतात. गावात हे अचूक असतं. रुग्णालयाच्या खोलीत पश्चिमेला एक्स-रेच्या खोलीची भिंत होती. तो पुन्हा पुन्हा तिकडे हात करत होता. नर्सने आईला विचारलं, “मावशी, ह्याचा आधी कधी एक्स-रे काढलाय का?” आई म्हणाली, हो, लहानपणी हात मोडला होता तेव्हा.

वेळेचंही तसंच. सकाळी सात सांगायला तो पूर्वेकडे हात लांब करून सूर्य जिथे असतो त्या उंचीवर धरतो. त्या खोलीत पूर्वेला दार होतं. दाराकडे लांब केलेला हात म्हणजे घरी जायचंय. “अजून नाही सोडणार बाळा, बस जरा,” असं नर्स प्रेमाने म्हणाली आणि त्याचा हात खाली घेतला. दंशाची वेळ केसपेपरवर ‘सुमारे ९’ अशी लागली, म्हणजे तो आईला भेटला ती वेळ. दोन तास हातातून गेले. सगळं पुढचं निरीक्षण त्या चुकीच्या वेळेवर बेतलं गेलं.

आणि मान. ह्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण हे फक्त ह्या मुलाचं नाही. जवळजवळ प्रत्येक कर्णबधिर माणूस, ज्याला आयुष्यभर समोरच्याचं अर्धवट कळत आलं आहे, तो मान हलवायला शिकतो. मान हलवली की समोरचा खूश होतो, प्रश्न थांबतात, चारचौघांत तमाशा होत नाही. नर्सच्या तोंडावर मास्क होता, ओठ दिसत नव्हते. दिसले असते तरी काय? प, ब, म तिन्ही ओठ मिटून येतात. ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ ओठांवर एकच दिसतात. क आणि ग घशाजवळ तयार होतात, बाहेर काही दिसतच नाही. ओठ वाचून बोलणं कळतं हा ऐकू येणाऱ्यांचा लाडका समज आहे, आणि त्याने फार नुकसान केलं आहे. तर प्रश्न आले: दुखतंय? उलटी झाली? चक्कर येते? आधी काही औषध चालू आहे? प्रत्येकाला मान हलली. फॉर्मवर चार ‘होय’ पडले. त्यातला पहिला ‘होय’ खरा होता, पण दुसऱ्याच प्रश्नाचा. नर्स बोटाला हात लावून विचारत होती आणि तो मांड्यांबद्दल सांगत होता. दंशाची जागा दुखते हे लिहिलं गेलं तेव्हा न दुखता चावणारे साप डॉक्टरांच्या विचारातून मागे पडले.

मांड्यांबद्दल तो स्वतःहूनही सांगत होता. दोन्ही मुठी मांडीवर ठेवून उलट दिशांना पिळायच्या. रापणीत दोराला पीळ बसला की हीच खूण करतात, आणि दोर तसाच ओढला तर तुटतो हे तिथल्या पोरालाही माहीत असतं. नर्सला वाटलं, लघवीला जायचंय. तिने भांडं आणून दिलं. ह्या गैरसमजाचा एक फायदा झाला. थोड्या वेळाने त्याने खरंच भांडं वापरलं आणि लघवीचा रंग तिच्या नजरेस पडला. तिने लगेच डॉक्टरांना सांगितलं. त्याच सुमारास काका पोचले.

काकांनी दारातूनच हात करून विचारलं, काय? धाकल्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं: पश्चिम, जाळं, साप, उभा तळवा, बोट, पूर्वेचा सूर्य, मांड्यांचा पीळ. काका डॉक्टरांकडे वळले. “डॉक्टरसायब, ह्या किरडू जमनीवरचा न्हय, दर्यातला. शेपटी बघा तेची, शेपटी! आणि पाय पिळवाटलेत तेचे.” डॉक्टरांनी सलाइन वाढवली, रक्त पुन्हा पाठवलं, लघवी मोजायला लावली. गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं का, ह्यावर रात्री चर्चा झाली, गाडीही सांगून ठेवली होती. पण पहाटेपर्यंत लघवी निवळायला लागली. पुढच्या काही दिवसांत तो घरी आला. मूत्रपिंडं शाबूत राहिली.

आईबद्दल राहिलं. तिने मुलाचं सांगणं अडवलं नाही, तिने ते पूर्ण केलं. नर्सचा प्रश्न ती मुलाला विचारतच नव्हती, स्वतःच उत्तर देत होती, कारण इतकी वर्षं तिने तेच केलं आहे आणि बहुतेक वेळा उत्तर बरोबर असतं. कुठे चावला? आई रापणीवर नव्हती. तिने अंदाजाने म्हटलं, घराकडे येताना वाटेत असेल, गवत वाढलंय. ते केसपेपरवर गेलं. आमच्या कामात घरचा माणूस दुभाषी म्हणून मिळाला की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. मला भीती वाटते ती त्याचीच.

ह्या बाबतीत न्यायालयाने रुग्णालयांपेक्षा बारीक विचार केला आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष खुणांनी घेता येते ही तरतूद आपल्या पुराव्याच्या कायद्यात जुनीच आहे. राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंग ह्या खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुभाषी त्याच परिसरातला असावा, पण प्रकरणात त्याचा हितसंबंध नसावा. आणि नोंद नुसत्या अर्थाची नको, खुणेचीही हवी. धाकल्याच्या केसपेपरवर ‘सर्पदंश, सुमारे ९, घराच्या वाटेवर’ असं होतं. हे तिन्ही अर्थ आहेत. तिथे एकाने जरी ‘डावा तळवा उभा, हलवतो’ असं लिहिलं असतं, तर दुपारच्या पाळीतल्या कोणीतरी विचारलं असतं, की हे काय आहे.

कोणाला बोलवायचं

माझ्याकडे प्रकरण आल्यावर पहिला विचार कोणालाही सुचेल तो: भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी शोधायचा. दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द झाले. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था 1983 पासून आहे. व्हिडिओ कॉलवर दुभाषी मिळू शकतो. पण धाकल्याला ती भाषा येतच नाही. तो ज्या शाळेत चार वर्षं होता तिथे हात बांधून बसवून बोलायला शिकवायचे. 1880 साली मिलानच्या परिषदेत युरोपातल्या शिक्षकांनी ठरवलं होतं की कर्णबधिर मुलांना फक्त बोलूनच शिकवावं. त्या ठरावाची सावली शंभराहून जास्त वर्षांनी कोकणातल्या वर्गावरही पडली. ऐकू येणारा, परीक्षा पास झालेला दुभाषी त्याच्यासमोर बसवला असता तर दोघं एकमेकांकडे बघत राहिले असते.

म्हणून मी एका कर्णबधिर शिक्षकांना बोलावलं. ते स्वतः जन्मापासून कर्णबधिर, सांकेतिक भाषा शिकवतात, घरही किनाऱ्यावरचंच. जगभर अशा कामात हा मार्ग वापरतात, कारण ज्याने स्वतः आयुष्यभर न कळणाऱ्या लोकांना कळेल असं सांगितलं आहे, त्याची नजर वेगळी असते. पहिल्या बैठकीत मी बाजूला बसून टिपणं घेत होते. त्यांनी काही शिकवलं नाही. त्यांनी आधी फक्त पाहिलं, मग धाकल्याची खूण त्यालाच परत करून दाखवली, थोडी चुकीची. धाकल्याने ती दुरुस्त केली. पुन्हा चुकीची, पुन्हा दुरुस्ती. तास संपायच्या आत दोघं सापाबद्दल, नर्सबद्दल, भावाच्या टेम्पोबद्दल बोलत होते. आपल्या खुणा कोणीतरी दुरुस्त करून घेतो हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. तोपर्यंत त्याला फक्त अंदाजाने समजून घेतलं होतं.

संमतीही त्यांनीच घेतली. ‘तुझ्याबद्दल लिहायचं आहे, अनोळखी माणसं वाचतील’ हे सांगायला बराच वेळ लागला. मान हलली की सर ती धरायचे नाहीत. उलट विचारायचे, मी काय सांगितलं ते तू दाखव. त्याने शेवटी दाखवलं: ही बाई, लिहिणं, कागद लांब जाणं, पुष्कळ डोळे. मग स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवून पुसला. म्हणजे चेहरा नको. तो ह्या लेखात कुठेच नाही.

पुढे काय केलं

रापणकरांबरोबर बसून आम्ही त्याच्या खुणांची चित्रं काढून घेतली, हात कसा, कुठून कुठे. त्यातून रुग्णालयासाठी एक जाड कागदाचा तक्ता झाला. माणसाचं शरीर पुढून आणि मागून. खाली प्राणी: फुरसं, नाग, चपट्या शेपटीचा साप, पाकट, शिंगाळा, कुत्रा, विंचू. पाकटाचं चित्र मुद्दाम घातलं, कारण त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना उतरते, आणि समुद्री सापाच्या दंशात त्याचा उपयोग नाही. त्याखाली वेळेची ओळ. घड्याळ काढलं नाही. डोंगर, डोंगरावरून समुद्रापर्यंत सूर्याची कमान, समुद्र. बोट ठेवलं की वेळ कळते, खोलीचं दार कुठेही असो.

नर्सबरोबर बोलताना मी नियमांची यादी दिली नाही. त्यांच्या वॉर्डात आधीच नियमांच्या चिकटवलेल्या याद्या पुष्कळ आहेत. दोनच गोष्टी करून दाखवल्या. एक, हो-नाहीचा प्रश्न विचारायचा नाही, दोन मुठी पुढे करायच्या: ही मूठ बोट, ही मूठ मांडी, कुठली? मान हलवून ह्याचं उत्तर देता येत नाही. दुसरी, न कळलेली खूण खोडायची नाही, जशी दिसली तशी लिहून ठेवायची. सर्पदंशाच्या दिवशी पाळीवर असलेल्या नर्सने विचारलं, “आणि लिहायला वेळ कुठे आहे?” प्रश्न रास्त आहे. तिच्या पाळीत त्या दिवशी खाटांपेक्षा रुग्ण जास्त होते. मी एवढंच म्हटलं की मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घेऊन रुग्णाच्या घरच्यांना किंवा कामावरच्यांना पाठवला असता, तर काका साडेतीनऐवजी अकराला ‘पोचले’ असते. हे तिला पटलं आणि आता ते होतं.

वाडीत एक शंका आली होती, तीही नोंदवते. सरांची भाषा शिकला तर आपल्या खुणा विसरेल का? मला तसं वाटत नाही. निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून कर्णबधिर मुलं शाळेत एकत्र आली तेव्हा प्रत्येकजण आपापल्या घरच्या खुणा घेऊन आला होता, आणि त्यांच्यातूनच एक नवी भाषा घडली. पण तिथे मुलं लहान होती. चोविसाव्या वर्षी पहिली पूर्ण भाषा शिकणं कष्टाचं असतं, आणि लहानपणी शिकलेल्यासारखी सहजता येईलच असं मी त्याच्या घरच्यांना सांगितलेलं नाही. जे वर्गात बसवून मिळायला हवं होतं ते आता रापण संपल्यावर, शनिवारी, सरांना वेळ असेल तेव्हा मिळतं. 2011 च्या जनगणनेत देशात पन्नास लाखांहून अधिक लोकांना ऐकू न येण्याची अडचण नोंदली गेली. त्यातल्या किती जणांच्या हातात फक्त घरापुरत्या खुणा आहेत, हे कोणीही मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि मला त्याचा राग येतो.

शनिवारी धाकल्याबरोबर रापणीवरचे दोघं तरुण बसतात. भाऊ घरी असला की तोही बसतो. आई बसत नाही. “माका तेचा सगळा कळता,” ती म्हणते, आणि घरात ते खरं आहे. सरांनी तिला आग्रह केला नाही. त्यांनी तिच्याशी एवढंच ठरवलं आहे की रुग्णालयात प्रश्न आला की उत्तर द्यायच्या आधी तो मुलाकडे वळवायचा, आणि त्यासाठी लागणाऱ्या खुणा ती शिकेल: कुठे, कधी, किती, कसं. ‘कधी’ची खूण तिने बदलून मागितली. मनगटावरच्या घड्याळाची नको, सूर्याची द्या, म्हणाली. सरांनी ती दिली.